बोन्सायवरचं जाळं कोणाचं आहे ते आधी बघा, बाटली नंतर उचला

पत्र: नमस्कार ताई, मी अमळनेरची. गच्चीवर माझी लहानमोठी दहा बोन्साय आहेत, दोन वड, एक उंबर, तीन अडेनियम, फायकस, चिंच, जेड आणि मागच्या दिवाळीत पुण्याहून आणलेलं ज्युनिपर. मार्च संपल्यापासून अडेनियमची पानं पिवळी पडून गळताय, फांद्यांमध्ये बारीक जाळी दिसताय, आणि एका वडात तर मोठ्ठं जाळं करून कोळी बसलेला आहे. रोज सकाळी झाडूने सगळी जाळी काढते, कोळी दिसला की मारते, तरी गळती थांबत नाही. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड दिलं ते मारलं तर नंतर अजून वाढल्यासारखं वाटतंय. मग नीम ऑईल मारलं, दुपारी मला वेळ असतो तेव्हा, तर फायकसची पानं करपली. पाच वर्षांचा मुलगा गच्चीवरच खेळतो, चिमण्यांचं पाण्याचं भांडंही तिथंच आहे, म्हणून केमिकल नको, नैसर्गिक उपाय सांगा. व्हिडिओत कोणी हळद सांगतं, कोणी ताक, गोमूत्र, तंबाखूचं पाणी, व्हिनेगर. सासूबाई म्हणतात कोळ्याला हात लावू नको, "त्याले ऱ्हाऊ दे, तुनं काय खाई ऱ्हायना तो?" आता ऐकू कोणाचं? आणि ज्युनिपर फिकट पडलंय, ते वाचेल का?

उत्तर:

ताई, सासूबाईंचं ऐका. खरंच. तुमच्या पत्रात जेवढे सल्ले देणारे आहेत त्यात सगळ्यात बरोबर त्याच आहेत, आणि तुमची सकाळची झाडूची मेहनत नेमकी उलट्या बाजूला चाललीय.

झालंय असं की तुमच्या गच्चीवर दोन वेगळे प्राणी आहेत आणि दोघंही जाळं करतात. वडात बसलेला तो मोठा कोळी, तो पानाला तोंडही लावत नाही, त्याचं जेवण म्हणजे माश्या, डास, मावा, पांढरी माशी, बारीक अळ्या. तुमची पानं गाळतोय तो आहे लाल कोळी, जो डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो, अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पानाच्या खालच्या बाजूला बसून पेशीतला रस ओढतो. शेतकऱ्याला विचारा, भेंडीवर, वांग्यावर, कपाशीवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. आठ पाय असल्यामुळे तो कोळ्यांचा नातेवाईक खरा, कीटक नाहीच, आणि हे 'कीटक नाही' महत्वाचं आहे, ते दुकानदाराच्या बाटलीशी येऊ तेव्हा कळेल.

जाळ्यावरून ओळख सोपी आहे. खऱ्या कोळ्याचं जाळं दोन फांद्यांच्या मध्ये मोकळ्या जागेत असतं, गोल चक्रासारखं किंवा नुसता गुंता, त्यात मेलेली माशी, चिलटं अडकलेली दिसतात. लाल कोळीचं जाळं पानाला आणि देठाला चिकटून असतं, अगदी तलम, त्यावर धूळ बसल्यासारखं दिसतं आणि ती धूळ नीट पाहिली तर हलते. अजून खात्री करायची असेल तर पांढरा कागद घ्या, फांदीखाली धरा, फांदीवर बोटाने टकटक करा आणि कागद अर्धा मिनिट उन्हात धरून बघा, ठिपके चालायला लागले की समजायचं. बोट फिरवून चिरडलं तर लालसर नाहीतर हिरवट-तपकिरी रेघ उमटते. एखादा ठिपका बाकीच्यांपेक्षा फार जोरात पळताना दिसला, फिकट आणि पेरूच्या आकाराचा, तर तो बहुतेक शिकारी कोळी असतो जो या लाल कोळीलाच खातो, त्याला सोडा. हे भिंगातून छान दिसतं, भिंग नसेल तर मोबाईलने झूम करून फोटो काढा.

पानावरची खूण पण सांगते. वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके पडतात, मग पूर्ण पान राखट, पिवळट, शेवटी तांबूस होऊन गळतं. चिकटपणा नसतो. पानं चिकट लागत असतील आणि मुंग्यांची रांग चढत असेल तर तो मावा किंवा पिठ्या ढेकूण, त्याची गोष्ट वेगळी. आणि तुमच्या फायकसची कोवळी पानं मधोमध दुमडून द्रोणासारखी बंद होत असतील तर एक पान उघडून बघा, आत बारीक काळे लांबट किडे दिसले तर ते फुलकिडे आहेत, कोळी नाही, तिथं दुमडलेली पानं खुडून पिशवीत बांधून टाकणं हाच उत्तम उपाय.

आता वडातल्या त्या मोठ्या, खऱ्या कोळ्याचं काय करायचं? काही नाही. तो तुमचा बिनपगारी रखवालदार आहे. अगदी शेंड्यावरच जाळं असेल, झाड बघायला बरं वाटत नसेल, तर जुना रंगाचा ब्रश किंवा काडी घ्या, जाळं गुंडाळा आणि कोळ्याला उचलून शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत सोडा, तो दुसरीकडे संसार थाटेल. जे उड्या मारणारे छोटे कोळी असतात, आपल्याकडे मान वळवून बघतात ते, ते तर जाळंही करत नाहीत, पानापानावर फिरून शिकार करतात, त्यांना तर अजिबात हाकलू नका. पोराला दाखवा उलट.

दुकानदाराची बाटली. इमिडाक्लोप्रिड हे रस शोषणाऱ्या कीटकांचं औषध आहे, मावा तुडतुडे यांच्यावर चालतं, लाल कोळीवर चालत नाही. एवढंच असतं तर पैसे वाया गेले म्हणून सोडून दिलं असतं, पण ते मारल्यावर लाल कोळी वाढतो हे अनेक झाडांवर दिसून आलंय, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एल्मच्या झाडांना एका भुंगेऱ्यासाठी हेच औषध दिलं होतं तर तिथं लाल कोळीचा उद्रेक झाला होता. एक कारण म्हणजे कोळीला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, शिकारी कोळी यांना त्याचा त्रास होतो, दुसरं कारण औषधाने झाडाच्या रसातच असे बदल होतात की कोळीच्या माद्या जास्त अंडी घालतात. आपल्याकडे कपाशीवाल्यांना हे वेगळ्या औषधाने माहीत आहे, सायपरमेथ्रिनसारखी औषधं लागोपाठ मारली की मागून लाल कोळी येतोच. मांजर हाकलून दिलं की उंदरांचं राज्य, तसंच. तेव्हा तुम्हाला जे 'अजून वाढल्यासारखं' वाटलं ते वाटणं नव्हतं. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी बंद करून ठेवा आणि पुन्हा काढू नका. त्या फवाऱ्याचा शिंतोडा तुळशीवर उडाला असेल तर तिची पानं सध्या चहात-काढ्यात घालू नका.

मग उपाय काय... ताई, उपाय पाणी. तुम्ही म्हणाल एवढं मोठं पत्र लिहिलं आणि ही बाई पाणी सांगतेय. पण लाल कोळी कुठे वाढतो ते बघा ना, कोरडी हवा, तापलेली गच्ची, पानावर धूळ, तहानलेलं झाड. एप्रिल-मे मध्ये अमळनेर-जळगाव-भुसावळ पट्ट्यात ४४-४५ डिग्री जातं, हवेत ओलावा नावाला नसतो, त्यात बोन्सायचा ट्रे दोन-तीन इंच खोल, स्लॅबवर ठेवलेला, म्हणजे आपण लाल कोळीसाठी मांडवच घातलेला असतो. ३० डिग्रीच्या आसपास त्याची अंड्यापासून मोठा होईपर्यंतची गोष्ट आठवडाभरात उरकते आणि एक मादी शंभरच्या घरात अंडी घालते. म्हणून आज फवारलं, दोन दिवस बरं दिसलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा तेच, हे सगळ्यांचं होतं, कारण बहुतेक घरगुती औषधांनी अंडी मरत नाहीत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मात्र मोठे, पिल्लं, बरीचशी अंडी, जाळं आणि धूळ सगळंच वाहून जातं, आणि एकदा खाली पडलेला हा कोळी परत झाडावर चढून येईलच असं नाही.

पण कसं मारता यावर सगळं आहे. वरून झारीने पाणी घातलं तर त्याला काही फरक पडत नाही, तो छत्रीखाली बसल्यासारखा पानाखाली बसलेला असतो. ट्रेमधली माती प्लास्टिकने किंवा जुन्या फडक्याने झाका, सुतळीने बांधा, झाड आडवं धरा आणि पाईपला बारीक फवाऱ्याचं नोझल लावून खालून वर असं मारा, डाव्या हाताच्या पंज्याने फांदीला मागून आधार द्या म्हणजे कोवळी फूट मोडणार नाही. लहान झाडांना तर त्याहून सोपी युक्ती आहे, माती बांधून घ्या आणि झाड उलटं करून पूर्ण शेंडा बादलीत बुडवा, मिनिटभर हळूहळू हलवा, बाहेर काढा, बादलीतलं पाणी मोरीत ओता. हे सकाळी सातच्या आत करा. पाईपमधलं पाणी आधी सोडून द्या, उन्हात पडलेल्या पाईपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं आपल्याकडे, सकाळचंसुद्धा कोमट असतं.

हे दर तीन-चार दिवसांनी करायचं, निदान तीन आठवडे. मध्येच बरं दिसलं म्हणून सोडलं तर जी अंडी राहिलीत ती पुन्हा सुरुवात करतात. आणि फक्त दुखणाऱ्या अडेनियमला नाही, गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांना. गुलाब, झेंडू, वाल, भेंडी असं काही लावलेलं असेल तर तिथं आधी बघा, गुलाब म्हणजे लाल कोळीचं माहेरघर असतं बऱ्याचदा, तिथून वाऱ्याने जाळ्याच्या धाग्यावर तरंगत बोन्सायवर येतात.

रोज हाताच्या स्प्रेने धुकं मारायचं सांगतात, त्याचा मला फारसा उपयोग वाटत नाही. मे महिन्यात ते पाणी पाच मिनिटात उडून जातं आणि बोअरचं असेल तर पानावर पांढरे डाग तेवढे मागे ठेवतं. ट्रेखाली खडे आणि पाणी ठेवायची पद्धत, ती पण गच्चीवरच्या वाऱ्यात नावापुरतीच. त्यापेक्षा ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा, झाडं स्लॅबवरून उचलून लाकडी फळीवर किंवा बाकड्यावर ठेवा, जवळजवळ ठेवा, पण पानं एकमेकांना लागणार नाहीत इतपत. पाणी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, बोटाने माती बघून. तहानलेल्या झाडावर हा कोळी जास्त जोमाने वाढतो हे पक्कं धरून चाला. (अडेनियमला मात्र माती वरून सुकू द्या, त्याच्या बुडख्यात पाणी साठलेलं असतं, रोज दोनदा घातलं तर कोळीआधी बुडखाच सडेल.)

आता नीम ऑईल. औषध चांगलं आहे, तुमची वेळ चुकली. दुपारी ४२ डिग्रीत तेलाचा थर पानावर बसला की पानाला श्वास घ्यायची सोय राहत नाही आणि पान करपतं, त्यात तुमच्या झाडावर आधीच ताण. साधारण ३२ डिग्रीच्या वर कुठलंच तेल मारू नये असं धरतात, म्हणजे आपल्या खान्देशात मार्च अर्धा संपला की पहिला पाऊस पडेपर्यंत ती बाटली कपाटातच बरी. मी तर संध्याकाळीही मे मध्ये मारा म्हणणार नाही, सात वाजता पण स्लॅब धग सोडत असतो.

जूनच्या शेवटाला हवा उतरली की मग नीम ऑईल काढा. थंड घाण्याचं तेल ५ मिली, लिक्विड साबण (भांडी घासायचं लिक्विड नव्हे) १ ते २ मिली, एक लिटर कोमट पाणी. आधी साबण थोड्या पाण्यात फेटा, त्यात तेल थेंबथेंब टाकत ढवळा, दुधासारखं पांढरं झालं की बाकी पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं तेल एकाच झाडावर जातं. मारताना बाटली हलवत राहा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. सूर्य मावळल्यावर मारा, कारण कडुनिंबातला कामाचा घटक उन्हात लवकर मरतो, आणि बनवलेलं त्याच दिवशी संपवा. दर आठवड्याला एकदा असं तीन वेळा. थंडीत बाटलीतलं तेल थिजलं तर घाबरू नका, गरम पाण्यात बाटली ठेवली की सुटतं.

त्याहून स्वस्त आणि मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे निंबोळी अर्क. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास बांधावरच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, फुकट. गर धुऊन टाका, सावलीत वाळवा, सुती पिशवीत भरून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम भरडून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण टाका आणि त्याच संध्याकाळी मारा. शेतकरी १०० लिटरला ५ किलो घेतात तेच हे प्रमाण. बुरशी लागलेल्या काळ्या निंबोळ्या घेऊ नका.

साबणाचं थोडं जास्त सांगते कारण इथंच सगळे फसतात. साबणाचं पाणी कोळीला लागलं तरच मरतो, सुकल्यावर त्याचा शून्य परिणाम. म्हणून मारून तासाभराने साध्या पाण्याने धुतलं तरी नुकसान काही नाही, उलट पान वाचतं. सध्याच्या उन्हात पाण्याच्या जोडीला काही हवंच असेल तर हेच, रात्री आठ नंतर, पातळ, आणि धुऊन टाकायचं. पण कपड्याची पावडर नको, भांडी घासायचं लिंबूवालं लिक्विड पण नको, त्यात तेलकटपणा काढायची ताकद असते ती पानाचा मेणाचा थर पण काढते. आणि आपल्या बोअरचं पाणी जड, साबण त्यात फाटतो, वर साय धरल्यासारखी दिसते, म्हणजे साबण क्षारातच संपला आणि कोळीपर्यंत काही पोचलंच नाही. अशा पाण्यात रिठा बरा, मूठभर रिठे फोडून रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, ते घट्ट पाणी दहापट पातळ करा, जड पाण्यातसुद्धा फेस येतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मिळत असेल तर फवाऱ्याच्या द्रावणासाठी ते मस्त. कूलरच्या टाकीतलं उरलेलं आणि आरओचं वाया जाणारं पाणी मात्र बोन्सायला घालू नका, दोन्हीत क्षार जास्तच साठलेले असतात.

व्हिडिओतले बाकी उपाय भराभर. हळदीने पानं पिवळी दिसतात, कोळी जागचा हलत नाही. ताकाने बुरशी आणि वास, मग मुंग्या. व्हिनेगर तणनाशक म्हणून वापरतात लोक, तेच तुम्ही झाडावर मारणार का? राख अल्कली आहे, आधीच क्षाराचं पाणी आणि त्यात दोन इंच माती, नको. गोमूत्रातही क्षार असतात, शेतात मुरतात, ट्रेमध्ये साठतात. लसूण-मिरचीचा अर्क कोळीला थोडा त्रास देतो म्हणतात पण कोवळी फूट जाळतो आणि पोराच्या डोळ्यात गेला तर रात्रभर रडेल. तंबाखूचं पाणी तर घरात आणूच नका, आपल्याकडे तंबाखूची पुडी कोणाच्या ना कोणाच्या खिशात सापडतेच म्हणून सोपं वाटतं, पण निकोटिन हे कातडीतूनसुद्धा अंगात जाणारं विष आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं. तुमच्या अडेनियमचंच घ्या, त्याचा चीक चांगलाच विषारी आहे, छाटणी केल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलाला पानं तोडायला देऊ नका.

गंधक हा अजून एक जुना आणि खरंच लागू पडणारा उपाय. पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक कृषी सेवा केंद्रात मिळतं, सेंद्रिय शेतीतही चालतं, लिटरला २ ग्रॅम. पण तेही उन्हाळ्यात नाही, पानं जाळतं, आणि नीम ऑईल मारल्यापासून तीन आठवडे तरी नाही. नोव्हेंबर ते जानेवारी एवढाच त्याचा काळ समजा, मारताना तोंडाला फडकं बांधा, आणि त्या दिवशी चिमण्यांचं भांडं आत. खरं तर भांडं कुठल्याही फवाऱ्याच्या वेळी आतच घ्यायचं.

झाडाप्रमाणे थोडं बदलतं. वड, उंबर, फायकस ही दणकट मंडळी, यांची खूप खराब झालेली पानं आत्ताच कात्रीने देठ ठेवून काढा, आणि पहिला पाऊस होऊन झाड जोमात आलं की वाटल्यास सगळीच पानं काढून टाका, नवीन पानं लहान येतात जे आपल्याला बोन्सायला हवंच असतं आणि कोळीचं घरच नाहीसं होतं. पण झाड अशक्त असेल तर हा प्रयोग यंदा नको. चिंचेची पानं बारीक, तिला बादलीतली डुबकी. जेडला साबण आणि तेल दोन्ही टाळा, पानावर डाग पडून गळतात, नुसतं पाणी पुरे. अडेनियमची पिवळी पानं काढून टाका, सगळी गेली तरी चालेल, बुडखा टणक आहे ना ते बघा, टणक असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर फुटतं. काढलेली पानं गच्चीच्या कोपऱ्यात किंवा कंपोस्टच्या बादलीत नको, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत.

झाडू बंद केलात, ती बाटली बंद केलीत की महिन्या दोन महिन्यात मित्रकीटक आपोआप यायला लागतील. मोहरीएवढा काळा ढालकिडा दिसला तर खूश व्हा, त्यातल्या एका जातीचं मुख्य खाणंच लाल कोळी आहे. आणि मृगाचा पाऊस पडल्यावर तो मखमली लालभडक मृगाचा किडा गच्चीवर किंवा अंगणात दिसला तर 'लाल आहे म्हणजे लाल कोळीच' म्हणून चप्पल काढू नका, नात्यातलाच आहे पण तो झाडाला काही करत नाही. पाऊस लागला की बोन्साय पत्र्याखालून बाहेर काढा, पावसासारखी धुणावळ आपल्या पाईपने होत नाही, ज्या कुंड्या छपराखाली कोरड्या राहतात तिथंच हा कोळी दबा धरून बसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत पसरतो.

ज्युनिपरचं मात्र गोड बोलून सांगता येणार नाही. लाल कोळीचं ते अतिशय आवडतं झाड, आणि त्याची अडचण ही की ते आतून गेलेलं असलं तरी कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं, फिकट दिसायला लागलं तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यात ते थंड हवेचं झाड, पुण्यात कसंबसं तग धरतं, आपल्या उन्हात मे काढणं त्याला फार जड. कागदाची परीक्षा त्याच्यावर आधी करा. मग नखाने एका बारीक फांदीची साल खरवडा, आत हिरवं-ओलसर असेल तर अजून जीव आहे, तपकिरी कोरडं असेल तर ती फांदी गेली, दुसऱ्या जाड फांदीवर बघा. जीव असेल तर पूर्वेची जागा द्या, नऊपर्यंतचं ऊन पुरे, नंतर पूर्ण सावली, घरात मात्र आणू नका, एसीत तर नाहीच. एक दिवसाआड सकाळी नुसत्या पाण्याने आतली गर्दी धुवा, आतली सुकलेली तपकिरी पालवी चिमट्याने साफ करा, पण हिरवी खुडू नका, सगळी पालवी काढलेलं ज्युनिपर वडासारखं परत फुटत नाही. खत बंद. कुंडी बदलू नका, कितीही मन झालं तरी. इतर झाडांपासून चार-पाच हात लांब ठेवा. पुढे नवीन कुठलंही झाड आणलं तर दोन आठवडे असंच वेगळं ठेवायचं.

आणि ते गेलंच तर त्या जागी दुसरं ज्युनिपर आणू नका ताई, चिंच दुसरी लावा, विलायती चिंच लावा, बोगनवेल आहे, पिंपळ आहे, जुन्या भिंतीत उगवलेला एखादा पिंपळ घरमालकाला विचारून जुलैत काढून आणला तर तो आपल्या उन्हाला घाबरणार नाही. सध्या मात्र कागदावर काय पडलं आणि खरवडल्यावर कोणता रंग निघाला ते कळवा, दोन्हीचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, फ्लॅश मारू नका, फ्लॅशमध्ये हिरवं-तपकिरी काही कळत नाही.